वापस येऊन राहिले होते

जागेश्वर लांजेवार हा भांडणात मागे सरणारा माणूस आहे, हे सगळ्या चिचटोलीला ठाऊक होतं. लग्नाच्या पंगतीत कुणी त्याच्या पत्रावळीवरची बुंदी उचलली तरी हा म्हणायचा, "घे बाबा, मले गोड चालत नाही." पोळ्याला त्याची बैलजोडी तोरणाखाली पुढे उभी असली आणि पाटलाचा पोरगा बैल रेटत आला, की हा आपला कासरा ओढून बाजूला. गावाने त्याला 'सरक्या' असं नाव ठेवलं होतं. तोंडावर म्हणायचे आणि तोही हसायचा. मऊ लागलं की कोपराने खणायचं ही जगाची रीत आहे, चिचटोलीने काही वेगळं केलं नाही.

राग यायचा तो निर्मलाबाईला, त्याच्या बायकोला. बावीस वर्षांच्या संसारात तिने त्याला शंभरदा विचारलं असेल, "तुमच्या आंगात हाडं आहेत का नाही?" त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर होतं, "गुड्डीचे माय, आपण मांगं सरलो का भांडण सरते." गुड्डी म्हणजे त्यांची मुलगी, एकोडीला दिलेली. तिच्या लग्नात जावयाने मोटरसायकलसाठी तोंड फुगवलं, तेव्हाही हा मागेच सरला होता आणि मोटरसायकल पुढे गेली होती.

हे सगळं आधीच सांगून टाकतो, कारण पुढे याच माणसाबद्दल सरकारी कागदावर असं उतरलं की तो हातात फावडं घेऊन एका माणसाची वाट बघत उभा होता. गावातल्या लहान पोरालाही हसू आलं असतं. पण कागद गावात राहत नाही, तो तालुक्याला असतो.

झालं ते असं. आसगावच्या पुढे चिचटोलीचा तलाव आहे, त्याच्या पाण्यावर सत्तर-ऐंशी शेतकऱ्यांचा धान पिकतो. ज्याची पाळी त्याने पाट फोडून पाणी घ्यायचं. जागेश्वरची बांधी, म्हणजे धानाचं शेत, खालच्या अंगाला, शेजारच्या ताराचंदची वरच्या. म्हणजे ताराचंदने सोडलं तर याला मिळायचं. त्या वर्षी ऑक्टोबर कोरडा गेला, धान निसवायला आला आणि बांधीत भेगा पडायला लागल्या. जागेश्वरच्या दोन पाळ्या ताराचंदने चिखलाने पाट बुजवून खाल्ल्या होत्या. तिसऱ्या पाळीच्या सकाळी निर्मलाबाईने नवऱ्याच्या हातात फावडं दिलं आणि म्हणाली, "आज पाणी घेतल्याशिवाय तोंड दाखवू नका."

ती स्वतः खालच्या बांधीत निंदण काढायला बसली. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. वरून ताराचंदच्या शिव्या ऐकू येत होत्या. आई झाली, बहीण झाली, मग थोडा वेळ शांतता. निर्मलाबाईने मान वर करून पाहिलं, तर नवरा फावडं खांद्यावर टाकून धुऱ्याने, म्हणजे शेताच्या बांधावरून, खाली येत होता आणि पाटात पाण्याचा थेंब नव्हता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आलाच हा परत! आता घरी जाऊन याला काय काय सुनवायचं त्याची ती मनात जुळवाजुळव करत होती, एवढ्यात तिला नवऱ्याच्या पाठीमागे ताराचंद दिसला. हातात काठी, आणि पावलं घाईची.

तिने हाक मारायला तोंड उघडलं तोवर पहिली काठी जागेश्वरच्या खांद्यावर बसली. धुरा कितीचा असतो? वीतभर रुंद, दोन्ही अंगाला उभा धान आणि गुडघाभर गाळ. वरच्या बांधीत तरी पाणी होतं, त्यामुळे माती लोण्यासारखी झालेली. धुऱ्यावर पळणारा माणूस चौथ्या पावलाला गाळात जातो आणि गाळात गेला की तो सापडलाच. ताराचंदने दुसऱ्यांदा काठी उचलली. जागेश्वर वळला आणि वळता वळता त्याने फावडं फिरवलं. एकदाच. ते ताराचंदच्या कानशिलावर लागलं. आसगावहून गाडी येईपर्यंत ताराचंद गेला होता.

जागेश्वर पळाला नाही. पोलीस येईपर्यंत धुऱ्यावर बसून राहिला आणि ताराचंदच्या तोंडावरच्या माश्या हाकलत राहिला. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, "कुठे लागलं का?" तो म्हणाला, "नाही जी." खांदा सुजून टरारला होता, तरी "नाही जी." माणूस मारून आलेल्याने आपलं दुखणं काय सांगायचं, असं त्याला वाटलं. डॉक्टरने लिहिलं, खांद्यावर किरकोळ सूज, पडल्याने होऊ शकते.

पाहणारी एकटी निर्मलाबाई. चौथ्या दिवशी पोलिसांनी तिला तालुक्याच्या कोर्टात नेलं. तिथे मॅजिस्ट्रेटसाहेबासमोर बयान द्यायचं होतं. तिने वाटभर ठरवलं होतं की साहेब ओरडेल, दटावेल, आणि आपण रडायचं नाही. साहेब निघाला तिच्या भाच्याच्या वयाचा, साताऱ्याकडचा, आपल्या भागात येऊन तीन महिने झालेला. त्याने पोलिसांना बाहेर काढलं, तिला खुर्ची दिली, स्वतःच्या हाताने ग्लासात पाणी ओतलं आणि म्हणाला, "घाबरू नका बाई. तुमच्यावर कुणाचं दडपण नाही ना? जे पाहिलं तेवढंच सांगा." दटावला असता तर निर्मलाबाई नीट बोलली असती. या गोडव्याने तिची जीभच लुळी पडली.

"हे वापस येऊन राहिले होते, साहेब," ती म्हणाली. "फावडा होता हातात. तं ताराचंद मांगून आला."

"मग?"

मग काय झालं ते सांगायला तिचं तोंड धजेना. नवऱ्याने मारलं, हे शब्द तिने अजून स्वतःशीही उच्चारले नव्हते. खाली फरशीकडे बघत ती म्हणाली, "मंग काठी चालली, फावडा चालला. ताराचंद पडला."

साहेबाने सुंदर अक्षरात लिहून काढलं आणि स्वच्छ आवाजात वाचून दाखवलं. "माझे पती परत येऊन धुऱ्यावर थांबले होते. त्यांच्या हातात फावडे होते. ताराचंद नंतर आला. त्यानंतर काठी व फावड्याने मारामारी झाली व ताराचंद खाली पडला."

त्या साहेबाची लबाडी नव्हती. त्याच्या गावाकडे 'येऊन राहिला' म्हणजे आला आणि राहिला, इकडे त्याचा अर्थ 'येत होता'. 'मागून आला' म्हणजे नंतर आला, असाही अर्थ तिकडे होतो आणि इकडेही होतो. त्याने ऐकलं तेच आपल्या भाषेत नीटनेटकं लिहिलं. चालत येणारा माणूस त्या नीटनेटकेपणात उभा राहिला, आणि पाठीवर चालून आलेला माणूस उशिरा आलेला पाहुणा झाला.

'थांबले' हा शब्द निर्मलाबाईच्या कानाला खडा लागावा तसा लागला. थांबले कुठं? हे तर चालून राहिले होते. तिने मान वर केली. "साहेब," ती म्हणाली.

साहेबाने तिच्याकडे पाहिलं. हसरा चेहरा, हातात पेन. दारात कारकून दुसरी फाइल घेऊन उभा होता. "हं, बोला. बरोबर आहे ना सगळं?"

एवढा शिकलेला माणूस. त्याने आपल्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्याच्या लिहिण्यात चूक काढायची? मोठ्या लोकांच्या भाषेत तसंच म्हणत असतील.

"हो जी," ती म्हणाली आणि तिने चौथी शिकलेल्या हाताने नावाची सही केली.

जागेश्वरला जामीन मिळाला नाही. सरकारने वकील दिला तो पवनीचा अश्विन निनावे, विणकराच्या घरातला. बाप अजून मागावर बसायचा, पोरगा काळा कोट घालून उभा राहायचा. पोरगा मनापासून काम करणारा होता. पहिल्याच भेटीत त्याने फाइल उघडली आणि निर्मलाबाईला विचारलं, "मावशी, काका धुऱ्यावर थांबले होते का?"

"नाही बाबू. वापस येऊन राहिले होते."

"आणि ताराचंद नंतर आला?"

"नंतर कायचा? मांगून आला. पाठीवर."

अश्विनने कपाळावर हात मारला. मग त्याने तिला समजेल असं सांगितलं. "पाहा मावशी, कोणी जीवावर उठला तं हात उचलाचा हक्क कायद्यानं सगळ्याइले देला आहे. पळालाच पाहिजे, असं कुठंच लिहिलं नाही. पण जज्ज पाहते, का हा माणूस भांडण सोडून चालला होता, का टपून उभा होता. चालला होता तं सुटते. टपून होता तं त्याच्यासाठी तो हक्कच नाही. जन्मठेप होते. तुमच्या कागदावर काका टपून उभे आहेत."

बावीस वर्षं ज्या मागे फिरण्यावरून तिने नवऱ्याला बोल लावले, त्याच मागे फिरण्यावर आता त्याचा जन्म टांगला होता.

"साहेबानं वाचून दाखवलं तेव्हा तुमाले समजलं नव्हतं का?" अश्विनने विचारलं.

तो आशेने विचारत होता, ते तिला दिसलं. खरं सांगावं तर हा पोरगा काय म्हणेल? गुड्डी काय म्हणेल? नवऱ्याला कळलं तर? ती म्हणाली, "नाही समजलं, बाबू. मोठ्या माणसाची भाषा."

"बस!" अश्विन टेबलावर थाप मारून म्हणाला. "हेच कोर्टात सांगाचं. बाकी मी पाहतो."

त्या दिवसापासून तिला झोप अशी लागलीच नाही. एक खोटं सांभाळणं म्हणजे तान्हं पोर सांभाळण्यापेक्षा अवघड. रोवणी आली, गेली, कापणी आली, गेली. तिने एकटीने दोन हंगाम काढले. दर महिन्याला जेलमध्ये भेटायला जायची. जाळीपलीकडून जागेश्वर विचारायचा, "धान कसा आहे? गुड्डी कशी आहे? ताराचंदची शकुनबाई कशी आहे?" मारलेल्याच्या बायकोची चौकशी करणारा खुनी त्या जेलने पाहिला नसेल. खटल्याचं तो काही विचारायचा नाही. एकदाच म्हणाला, "तू पाह्यलं ना सगळं? मंग झालं. तू सांगशीन तं सुटून जाईन." निर्मलाबाईने पदराने तोंड पुसलं आणि लवकर निघून आली.

तिसऱ्या वर्षी खटला उभा राहिला. जिल्ह्याच्या कोर्टात ती साक्षीच्या पिंजऱ्यात चढली आणि तिने सगळं सांगितलं. नवरा वापस येत होता, ताराचंदने मागून खांद्यावर काठी हाणली, दुसरी उचलली, तेव्हा याने फावडं फिरवलं. काही लपवलं नाही. सरकारी वकिलाने उठून जज्जसाहेबांना सांगितलं की ही आमची साक्षीदार फितूर झाली आहे. फितूर! जन्मात ती गावच्या रेशनच्या रांगेतही कुणाच्या पुढे घुसली नव्हती.

सरकारी वकील पोट सुटलेला, हसरा माणूस होता. त्याने कागद दाखवला. "ही सही तुमची?"

"हो जी."

"वाचून दाखवलं होतं?"

"हो जी."

"बरोबर आहे म्हणालात?"

"म्हटली होती. पण मले समजलं नव्हतं साहेब. त्यायची भाषा..."

"असं. बाई, तुमच्या गावच्या फाट्यावर एसटीचा थांबा आहे?"

"आहे."

"तिथं एसटी काय करते?"

निर्मलाबाईने अश्विनकडे पाहिलं. अश्विन खाली बघत होता. "थांबते," ती म्हणाली.

"थांबते म्हणजे चालत असते की उभी असते?"

"उभी."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. "मग 'थांबले' हा शब्द तुम्हाला समजतो," वकील म्हणाला आणि खाली बसला. आरोपीच्या जागी जागेश्वर उभा होता. तो बायकोकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एवढं साधं गणित आपल्याला अजून सुटत नाही, असं काहीतरी होतं.

अश्विनने जीव तोडून बाजू मांडली. 'येऊन राहिले' म्हणजे इकडे 'येत होते', हे त्याने दहा उदाहरणं देऊन सांगितलं. जज्जसाहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, "निनावे, मी याच भागातला आहे. 'येऊन राहिले' मला सांगू नका. पण कागदावर 'येऊन राहिले' कुठे आहे? कागदावर 'थांबले' आहे. 'नंतर आला' आहे. मॅजिस्ट्रेट शपथेवर सांगून गेले की त्यांनी वाचून दाखवलं, खुलासा विचारला आणि बाईंनी बरोबर आहे म्हणून सही केली. नवऱ्याला वाचवायला आज ती काहीही सांगेल. घटनेनंतर चौथ्या दिवशी सांगितलं ते खरं धरायचं की तीन वर्षांनी सांगते ते?"

मग त्यांनी जागेश्वरला विचारलं, काही सांगायचं आहे का. तो म्हणाला, "मी वापस फिरलो होतो जी."

निकाल महिनाभराने लागला. आरोपी घटनास्थळी हत्यार घेऊन थांबला होता, भांडण टाळून जाण्याची वाट त्याला मोकळी होती, त्यामुळे स्वसंरक्षणाचा बचाव मान्य करता येत नाही. जन्मठेप. शकुनबाई पदरात तोंड खुपसून रडत बाहेर गेली. तिचा नवरा या निकालाने काही परत येणार नव्हता, आणि ते तिला समजत होतं. अश्विन म्हणाला, "मावशी, आपण नागपूरले अपील करू." पण अपिलात नवी साक्ष नसते, तोच कागद वर जातो, हेही त्यानेच सांगितलं.

जेलची गाडी यायला वेळ होता. शिपाई भला होता, त्याने दोन मिनिटं दोघांना व्हरांड्यात उभं राहू दिलं. जागेश्वरच्या हातात हातकडी होती. तो म्हणाला, "खालच्या बांधीत यंदा हलका धान टाकजो. पाणी कमी लागते." मग म्हणाला, "ताराचंदच्या पोराइशी पाण्यावरून बोलू नको."

आता नाही सांगितलं तर मरेपर्यंत सांगणं होणार नव्हतं.

"मले समजलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"साहेबानं थांबले म्हणून वाचलं ना, तं मले समजलं होतं. चुकलं आहे, हे समजलं होतं. मी साहेब म्हणून हाक मारली. त्यायनं इचारलं, बरोबर आहे ना. अना मी हो जी म्हटली."

जागेश्वरने विचारलं, "मंग बोलली काहून नाही?"

"ते चांगलं बोलून राहिले होते. पाणी देलं होतं मले. म्हटलं, मोठ्या माणसाची चूक कायले काढाची..." मग ती म्हणाली, "मारा मले. दोन शिव्या तरी द्या."

शिपाई दुसरीकडे बघायला लागला. फाटकातून निळी गाडी आत येत होती. जागेश्वरने जखडलेले दोन्ही हात वर केले, पण तिला काही धरता आलं नाही, तेव्हा ते तसेच खाली घेतले.

"जाऊ दे," तो म्हणाला. "मी असतो तं मीही हो जी म्हटलो असतो."

हे तो तिची समजूत घालायला म्हणाला. आणि ते खरं होतं, म्हणून निर्मलाबाई तिथल्या तिथे फरशीवर बसली. तिला वाटलं होतं तो चिडेल, थुंकेल, तोंड फिरवेल, मग आपण त्याच्या पाया पडू. तेवढं झालं असतं तर तिला पुढची वर्षं काढायला काहीतरी उरलं असतं.